पहिल्या नवऱ्याचा दाखला

सकाळी चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी कुबांदिकला डावा हात पुढे करावा लागायचा. सालकिनाय त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळायची, फुगा दाबायची आणि ओठ मिटून तबकडीवरच्या काट्याकडे बघत राहायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण एक सकाळ चुकली नव्हती. समोरच्या भिंतीवर, हात पुढे केला की नेमका डोळ्यांत भरेल अशा जागी, तिच्या पहिल्या नवऱ्याचा फोटो होता. घोड्यावर बसलेला, टोपी मागे सरकलेली, सगळे दात दाखवून हसणारा इरिसबेक.

“एकशे पासष्ट,” सालकिनाय म्हणाली. “मिठाचा चहा बंद. आणि काल चुचुकचा तुकडा कुणी खाल्ला?”

“मांजरानं.”

“मांजराला घोड्याचं मांस कापायला सुरी लागते वाटतं.”

असं म्हणून तिनं एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. कुबांदिकनं ती तोंडात टाकली, वर पाण्याचा घोट घेतला, बूट चढवले, आणि अंगणात आल्यावर राखेच्या बादलीत थुंकून दिली. हिवाळ्यापासून त्याचं हे असंच चाललं होतं. एका सकाळी तो दारातला बर्फ ओढत होता, तेव्हा खिडकी उघडून ती ओरडली होती, “इरिस, टोपी घाला!” तिची जीभ घसरली हे तिच्या लक्षातही आलं नाही. याच्या मात्र काळजात ते रुतून बसलं. ही गोळी, हा पट्टा, ही मिठाची बंदी, यातलं काहीच आपल्यासाठी नाही. एक नवरा त्रेचाळिसाव्या वर्षी छाती धरून गेला, त्याच्यासाठी करायचं राहून गेलं, ते ती आता आपल्यावर करते आहे. त्याला ती काळजी उष्टी वाटू लागली, आणि उष्टं गिळणं त्याला जड जाऊ लागलं.

बाईच्या नशिबी सवत आली तर तिला निदान सवत म्हणता येतं, शिव्या घालता येतात. पुरुषाच्या नशिबी बायकोचा मेलेला नवरा आला तर त्याला काय म्हणायचं? शब्दच नाही. आणि मेलेल्याशी टक्कर तरी कशी द्यायची? कुबांदिक आणि इरिसबेक एकाच वर्गात शिकले होते. इरिसबेक कुस्तीत पहिला, घोड्यावर पहिला, शाळेच्या नाचात पहिला. कुबांदिकचं अक्षर चांगलं होतं. पुढे इरिसबेक कुस्तीचा मास्तर झाला आणि कुबांदिक आईची सेवा करत सत्तेचाळीस वर्षांचा होईपर्यंत बिनलग्नाचा राहिला. आता कुबांदिकचं डोकं उजाड झालं होतं, पोट सुटलं होतं, तो घोरत होता. भिंतीवरचा मात्र दहा वर्षं त्रेचाळीसचाच होता.

कुबांदिकची नोकरी मरणाशी निगडित होती. कोकजार हे जिल्ह्याचं गाव. तिथल्या आरोग्य आकडेवारीच्या कचेरीत तो चोवीस वर्षं काम करत होता. सगळ्या जिल्ह्यातून मृत्यूचे दाखले यायचे. डॉक्टरनं जे कारण लिहिलं असेल त्याचा आकडा जगभर चालणाऱ्या यादीत शोधायचा आणि दाखल्याच्या कोपऱ्यात लिहायचा, हे त्याचं काम. त्यातले निम्म्याहून जास्त आकडे हृदयाचे असायचे.

“आपल्या देशात माणसं दोनच कारणांनी मरतात,” कचेरीच्या मुख्य गुलसून एजे म्हणायच्या. “एक हृदय, आणि दुसरं डॉक्टरचा आळस. दुसऱ्यालाही पहिलंच नाव लावतात.”

एजे म्हणजे थोरली बहीण. साठीच्या त्या बाईला सगळी कचेरी एजे म्हणायची आणि तिच्या जिभेला टरकून असायची. मे महिन्यात त्यांनी कुबांदिकला बोलावून राजधानी बिश्केकहून आलेलं पत्र समोर सरकवलं.

“वाच. सहा वर्षं झाली, देशाच्या तक्त्यावर हृदयाच्या मरणांची रेघ खाली चालली आहे. वरचे लोक खूष आहेत. पण एका शहाण्यानं विचारलंय की माणसं खरंच जगायला लागली, की नुसती लिहिणाऱ्यांची लेखणी बदलली? म्हणून दहा वर्षांपूर्वीचे दाखले आणि गेल्या वर्षाचे दाखले पुन्हा तपासायचे. फक्त साठीच्या आतले पुरुष.”

“सगळे?”

“सगळे तपासायला तुला नि मला नवा जन्म घ्यावा लागेल. दर दहावा. टोपीत एक ते दहा चिठ्ठ्या टाक, एक उचल. तीन आला तर तिसरा, तेरावा, तेविसावा, असं. अॅम्ब्युलन्सचे कागद काढ, लागलं तर घरच्यांना भेट. तीन रकाने आहेत. हृदय नक्की, हृदय नाही, सांगता येत नाही. दहा वर्षांपूर्वीचे तू घे. तुझ्या हातात दिलं की मला पुन्हा बघावं लागत नाही.”

दहा वर्षांपूर्वीचे. कुबांदिकच्या कानात तेवढंच राहिलं.

यादी काढली. दोनशे अठरा नावं होती. त्यानं आधी चिठ्ठी उचलायला हवी होती. त्यानं आधी बोट फिरवलं. एकशे सत्तेचाळिसावं नाव इरिसबेकचं होतं. मग त्यानं चिठ्ठ्या केल्या, आपल्या टोपीत टाकल्या, डोळे मिटून एक उचलली. तीन. ती परत टाकली. दुसरी उचलली. नऊ. तिसऱ्या खेपेला त्यानं डोळे मिटले नाहीत. चिठ्ठ्या उलगडून बघितल्या, सातची घेतली आणि तक्त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘पहिला क्रमांक: सात.’ चोवीस वर्षांत त्यानं एक आकडा खोटा लिहिला नव्हता. हाही तसा खोटा नव्हता, असं तो स्वतःला म्हणाला. सात काय, तीन काय, कुठला तरी येणारच होता.

इरिसबेकच्या दाखल्यात पहिल्यांदा काही वावगं दिसलं नाही. वय त्रेचाळीस. कारण, हृदयाला अचानक रक्त न पोचणं. ठिकाण, घरी. मागे सालकिनायच्या अक्षरातला अर्ज होता, धर्माच्या कारणानं शवविच्छेदन करू नये म्हणून. मग त्यानं अॅम्ब्युलन्सचा कागद शोधून काढला, आणि तिथे त्याची नजर अडकली. पत्ता होता नदीपलीकडची नमदेवाल्यांची गल्ली, घर एकोणीस. सालकिनायचं घर तर नदीच्या अलीकडे. वेळ, दुपारी बारा. बोलावणाऱ्याचं नाव, अनारकुल. नातं, कोरं. खाली घाईत लिहिलेलं, ‘आलो तेव्हा नाडी नव्हती. दारूचा वास.’

कुबांदिकनं कागद दोनदा वाचला, मग दार लावून तिसऱ्यांदा वाचला. उपाशी माणसासमोर ताट यावं तसं त्याला झालं. दुपारी बारा वाजता, परक्या बाईच्या घरात, दारू प्यालेला! हाच ना तो कोकजारचा वीर? हाच ना तो भिंतीवरचा? आणि सालकिनायला काय माहीत असणार. बिचारीला कुणीतरी अर्जावर सही करायला सांगितली असेल. त्या दिवशी घरी जाताना कुबांदिक शीळ घालत होता.

त्याच आठवड्यात इरिसबेकच्या दहाव्या वर्षाचं कुराणपठण होतं. सालकिनायनं पहाटेपासून बोर्सोक तळायला घेतले. तेलाच्या त्या वासानं मेलेल्यांचे आत्मे तृप्त होतात, म्हणून एका माणसासाठी पोतंभर पीठ. इरिसबेकची ऐंशी वर्षांची आई आली. कुबांदिकनं दारात तिला हात दिला, मानाच्या जागी बसवलं, बकऱ्याचं डोकं कापून वाटे केले. आता या घरचा कर्ता पुरुष तोच होता.

“तू गुणाचा आहेस रे,” म्हातारी त्याचा हात थोपटत म्हणाली. “माझ्या लेकाचं घर छान राखलंस.”

राखलंस! जसा काही धनी बाजारला गेलाय आणि हा राखणदार ओट्यावर बसलाय. कुबांदिकच्या हातातली सुरी क्षणभर हाडावर थांबली.

तेवढ्यात इरिसबेकचा एक जुना शिष्य, आता पोलीस खात्यात गेलेला आणि गळ्यापर्यंत फुगलेला, हुंदका देऊन म्हणाला, “आमच्या मास्तरांचं काळीज एवढं मोठं होतं की छातीत मावेना. म्हणून फुटलं. तसा माणूस पुन्हा होणे नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुबांदिकच्या यादीत हजारो आकडे होते, पण मोठं होतं म्हणून फुटलं असा एकही नव्हता. त्याच्या तोंडून निघून गेलं, “इरिसबेक गेला कुठे, ते ठाऊक आहे का तुम्हाला?”

सगळे त्याच्याकडे वळले. पत्ता त्याच्या जिभेच्या टोकावर होता.

“कुठे म्हणजे?” म्हातारी म्हणाली. “जन्नतमध्ये. आणखी कुठे जाणार माझा लेक?”

“तेच,” कुबांदिक म्हणाला. “तेच म्हणत होतो.”

सालकिनायनं त्याच्यासमोर रस्स्याचा वाडगा ठेवला. “खा. निवतंय,” ती म्हणाली, पण वाडगा ठेवताना तिनं त्याच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुबांदिक तपासणीचा तक्ता काखेत मारून पूल ओलांडून गेला. एकोणीस नंबरच्या अंगणात नमद्याच्या जाजमासाठी ओली लोकर पसरलेली होती, आणि एक पन्नाशीची बाई गुडघ्यांवर बसून कोपरांनी ती लाटत होती. हात लाल, चेहरा रुंद, केस रुमालात. कुबांदिकनं मनात चित्र रंगवलं होतं ते असलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, कुणी रंगरंगोटी केलेली असेल.

“सरकारी तपासणी आहे,” तो म्हणाला. “दहा वर्षांपूर्वी या घरात एक माणूस मेला. इरिसबेक नावाचा. मरणाचं कारण पडताळायचंय.”

अनारकुल उठली. झग्याला हात पुसत तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“दहा वर्षांनी जाग आली सरकारला? बसा. चहा घ्याल?”

“नको. तो प्यालेला होता?”

“दोन पेले. दुखण्यावर औषध म्हणून. दारू काय विचारता, दुखणं विचारा ना.”

“दुखत होतं?”

“तीन दिवस. इथून,” तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, “डाव्या हातात, खाली करंगळीपर्यंत. जबड्यात. कपाळाला गार घाम. सोडा खायचा, ढेकर दिला की म्हणायचा, बघ, वायूच होता. मी म्हटलं, दवाखान्यात जा. तर म्हणाला, डॉक्टर सालकिनायला सांगेल आणि ती मला घोड्यावर बसू द्यायची नाही. चार वर्षं तो इथे यायचा, आणि चार वर्षांत तिचं नाव निघालं नाही असा एक दिवस गेला नाही.”

कुबांदिक लिहीत होता. अक्षर नेहमीसारखं येत नव्हतं.

“शेवटी तरी माझं म्हणेल असं वाटलं,” अनारकुल म्हणाली. “माझ्या उशीवर डोकं, माझा हात हातात, आणि म्हणतो काय, सालकिनायला बोलाव. तेवढंच. मग गेला. मी बोलावलं. ती आली, ओरडली नाही, मला शिवी दिली नाही. त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, याला मी घरी नेते, तिथेच गेला असं सांगेन, लोक जमायच्या आत तू मागच्या दारानं जा. माझ्याच घरातून मला घालवलं, आणि मी गेलेसुद्धा. दुखणं सांगितलं, पण शेवटचं बोलणं मी तिला सांगितलं नाही. का सांगू? सगळं तर तिलाच मिळालं. घर, मुलगी, अर्जावर सही. मी आजही या गल्लीत जळते तिच्यावर.” ती थांबली. “तुमचं नाव काय?”

“कुबांदिक.”

“कुबांदिक... म्हणजे तिचा आत्ताचा?”

त्यानं मान हलवली. अनारकुल आधी चमकली, मग हसली. पण ते हसू दुष्टाव्याचं नव्हतं.

“अरे देवा. म्हणजे तुम्हीही रांगेतच की.”

पूल ओलांडताना कुबांदिकला मध्येच थांबावं लागलं. छाती आवळत होती. तो शस्त्र आणायला गेला होता आणि स्वतःच्याच हातावर जखम करून परत निघाला होता. एक, हे दुखणं ऐकलं तर कुठलाही प्रामाणिक माणूस पहिल्याच रकान्यात खूण करील: हृदय नक्की. दारू नाही, काही नाही. दोन, सालकिनायला सगळं माहीत होतं. आणि तीन, तो माणूस दुसरीच्या उशीवर मरतानासुद्धा सालकिनायलाच हाक मारून गेला होता. आता याच्यावर कशी मात करायची?

घरी आला तेव्हा सालकिनाय पीठ मळत होती. ऊन अजून ओट्यावर होतं.

“मी नदीपलीकडे गेलो होतो,” तो बुटांसकट दारातच उभा राहून म्हणाला. “एकोणीस नंबरला.”

तिचे हात थांबले नाहीत. “मग? नमदा घ्यायचा होता?”

“तुला सगळं माहीत होतं.”

“माझा नवरा होता. मला नाही तर कुणाला माहीत असणार? तुमच्या कचेरीला?”

“आणि तरी तो फोटो! तरी पोतंभर बोर्सोक!”

“फोटो मीरिमसाठी आहे. माझ्या लेकीचे बाबा आहेत ते. बोर्सोक त्याच्या आईसाठी. ऐंशी वर्षांच्या बाईला मी सांगू का, तुझा लेक कुठल्या गल्लीत मेला ते? दहा वर्षं झाकून ठेवलं मी ते, आणि तुम्ही कागद घेऊन उकरायला गेलात. कशासाठी? जळता म्हणून? कशावर जळता हो तुम्ही, त्याच्या घोड्यावर? दातांवर?”

“सगळ्यावर,” कुबांदिक म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं हे तोंडानं कबूल केलं. “तू हा पट्टा बांधतेस तो त्याच्यासाठी. माझ्यासाठी नाही. हिवाळ्यात मला त्याच्या नावानं हाक मारलीस.”

सालकिनायनं पिठाचा गोळा परातीत आपटला.

“मग मी कशावर जळते ते ऐका. बाईवर नाही. बाईचं मी एकवेळ गिळलं असतं, आमच्या आयांनी गिळलंच. तीन दिवस त्याच्या हाताला कळ येत होती. रात्री माझ्या शेजारी झोपत होता, आणि मला एका शब्दानं बोलला नाही. ते त्यानं तिला सांगितलं. छातीत दुखतंय हे बायकोला सांगायचं असतं हो! हक्क असतो तो बायकोचा. मला कळलं असतं तर मी त्याला ओढत नेलं असतं. ते दुखणं तिला मिळालं आणि मला मिळालं मढं. दहा वर्षं झाली, अजून मी त्यावर जळते. म्हणून पट्टा बांधते. तुम्ही तोंडानं सांगणार नाही, निदान काटा तरी सांगेल.”

कुबांदिक ओट्याच्या कडेवर बसला. बराच वेळ तो बुटाची नाडी सोडत होता, आणि ती सुटत नव्हती.

“गोळ्या मी थुंकतो,” तो म्हणाला.

“काय?”

“राखेत. हिवाळ्यापासून. आणि... कचेरीचा जिना चढताना इथं आवळतं. दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं. एजेंना सांगतो की बुटात खडा गेला. आज पुलावर पण आवळलं.”

“कधीपासून?”

“मार्चातल्या नवरोजपासून.”

“अजून कुणाला सांगितलंत?”

“कुणाला नाही.”

“नक्की?”

“नक्की. तुलाच पहिल्यांदा.”

ती रडली नाही. तिनं हात धुतले, खुंटीवरचा कोट काढला.

“चला.”

“आणि पीठ?”

“पीठ गेलं खड्ड्यात. उठा म्हणते ना.”

जिल्ह्याच्या दवाखान्यात त्याच्या छातीचा आलेख काढला, आणि तो बघून तरुण डॉक्टरीणबाई एकदम गंभीर झाली. दोन दिवस झोपवून ठेवून त्याला बिश्केकला न्यायचं ठरलं. नळ्या तपासायच्या, लागलं तर आत जाळी बसवायची. पडल्या पडल्या कुबांदिकला आपला स्वतःचा दाखला दिसत होता. वय त्रेपन्न, कोपऱ्यात आकडा, आणि पुढल्या दहा वर्षांनी कुणीतरी चिठ्ठी उचलणारा. दुसऱ्या दिवशी गुलसून एजे फळं घेऊन भेटायला आल्या, तेव्हा त्यानं त्यांना बसूही दिलं नाही.

“एजे, तो सात मी चिठ्ठीनं काढलेला नाही. बघून उचलला. एक दाखला मला त्यात हवा होता.”

“कुणाचा?”

“सालकिनायच्या पहिल्या नवऱ्याचा.”

गुलसून एजेंनी पिशवी खाली ठेवली.

“मूर्खा,” त्या म्हणाल्या, “तुझ्या वयाचे बाप्ये बायकोवर जळतात तेव्हा दारू पितात, भांडी फोडतात. तू देशाची आकडेवारी फोडलीस. त्याच सातवरून गेल्या वर्षाचे एकवीस दाखले तपासून झाले होते माझे! आता सगळे रद्द. नव्यानं चिठ्ठी, आणि ती मी उचलणार, दोन माणसांसमोर. हे काम तुझ्याकडून गेलं. अहवालावर तुझं नाव येणार नाही. आणि वर कळवावं लागेल.”

“कळवा.”

“कळवीनच. आधी जगून ये.” दारातून त्या मागे वळल्या. “चोवीस वर्षं मी तुझं काम पुन्हा बघितलं नाही रे. आता रोज बघावं लागेल, या वयात.” हे मात्र त्यांनी रागानं म्हटलं नाही, आणि म्हणूनच ते त्याला जास्त लागलं.

नवी चिठ्ठी निघाली. इरिसबेक त्यात आला नाही. त्याचा दाखला होता तिथे फडताळात गेला, दहा वर्षांपूर्वी लिहिला होता तसाच.

बिश्केकला जायची गाडी खिंडीत चढत होती. सालकिनाय शेजारी त्याची नाडी धरून बसली होती. खिडकीबाहेर उतारावर मेंढ्या होत्या, वर अजून बर्फ. कुबांदिकजवळ एक गोष्ट राहिली होती. ती त्यानं घरी भांडणात सांगितली नव्हती, आणि न सांगण्याचं कारण त्याला चांगलं ठाऊक होतं. ती सांगितली की इरिसबेक कायमचा जिंकणार. पण उद्या टेबलावर काही बरंवाईट झालं तर ती गोष्ट आपल्याबरोबरच जाईल, आणि ती त्याची नव्हती, तिची होती.

“सालकिनाय. शेवटी तो काय म्हणाला ते अनारकुलनं तुला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं.”

तिची बोटं त्याच्या मनगटावर घट्ट झाली.

“म्हणाला, सालकिनायला बोलाव. एवढंच म्हणाला.”

ती खिडकीकडे वळली. खिंडीचा माथा आला, गाडी पलीकडे उतरायला लागली, तरी ती तशीच होती. कुबांदिक तिच्या मानेकडे बघत राहिला. ती आता कुणासाठी रडत होती, हे त्यानं विचारलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि पिशवीतून पट्टा काढला.

“हात द्या,” ती म्हणाली.

“आत्ताच तर बघितलंस.”

“पुन्हा बघते. द्या.”

दोन नळ्या आवळलेल्या निघाल्या. दोन्हीत जाळी बसवली. दहा दिवसांनी तो चालत घरी आला. गोळ्या चार झाल्या, आणि त्या तो तिच्या समोर गिळू लागला. कचेरीत त्याला खालच्या मजल्यावर, जन्माच्या दाखल्यांकडे बसवलं. तिथे कारण लिहावं लागत नाही. पानगळीच्या दिवसांत तपासणीचा अहवाल आला. कोकजारच्या जिल्ह्यापुरतं तरी असं निघालं की रेघ काही अंशी खरीच खाली आली होती, आणि काही अंशी नुसती लेखणी बदलली होती. पूर्वी काही कळलं नाही की हृदय लिहायचे, आता कारण अज्ञात लिहितात. कुबांदिकनं तो बाकीच्यांबरोबर सूचनाफलकावर उभ्यानं वाचला. खाली सह्यांमध्ये त्याचं नाव नव्हतं.

त्याच सुमारास मीरिम बिश्केकहून आली. सत्तावीस वर्षांची, बापासारखे दात. सालकिनाय गाईचं दूध काढायला गेली होती, तेव्हा ती कुबांदिकजवळ येऊन बसली.

“बाइके, एक विचारू? तुम्ही त्या कचेरीत असता म्हणून.” ती त्याला पहिल्यापासून थोरला भाऊ म्हणायची; बाबा कधी म्हटलं नाही, आणि त्यानं कधी मागितलं नाही. “मला दिवस गेलेत. आईला अजून सांगितलं नाही. डॉक्टर म्हणतात माझं बीपी जास्त आहे. विचारत होते, वडील कशानं गेले, घराण्यात हृदयाचं आहे का. मी काय सांगू? लोक म्हणतात काळीज फुटलं. कुणी म्हणतं, पीत होते. आईला विचारलं की ती उठून जाते. खरंच हृदयच होतं का हो?”

तपासणीच्या कुठल्याच रकान्यात आता ते नोंदलेलं नव्हतं. कागदावर नुसता एक आकडा होता, शवविच्छेदन नाही, आणि दारूचा वास. पण कुबांदिकला माहीत होतं. सगळ्या जिल्ह्यात ज्या एका मरणाबद्दल त्याला अजिबात शंका नव्हती, ते हेच.

“हृदयच,” तो म्हणाला. “नक्की. तीन दिवस आधीपासून डाव्या हाताला कळ येत होती, करंगळीपर्यंत. जबडा दुखत होता. गार घाम. डॉक्टरला हे असंच सांग. आणि स्वतःकडे लक्ष दे. असं काही झालं तर सोडा खाऊन बसायचं नाही. नवऱ्याला सांगायचं, आईला सांगायचं, लगेच.”

“तीन दिवस? हे कुठे लिहिलंय?”

“कागदात आहे,” कुबांदिक म्हणाला.

मीरिम भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिली. “मग दवाखान्यात का नाही गेले?”

“घोडा सोडावा लागेल म्हणून.”

ती हसली, आणि हसताना तिचे डोळे भरून आले. “हे अगदी त्यांचंच. असा माणूस पुन्हा नाही व्हायचा, ना बाइके?”

कुबांदिकच्या पोटात कुणीतरी निखारा ठेवावा तसं झालं. जाळ्या बसवल्या, पण त्यासाठी काही जाळी नव्हती.

“नाही व्हायचा,” तो म्हणाला. बाहेर सालकिनायच्या पावलांचा आवाज आला, तसा तो उठला, पुढे झाला आणि तिच्या हातातली दुधाची बादली घेतली.

“खाली ठेवा ती!” ती दारातूनच ओरडली. “वजन उचलायचं नाही म्हणून किती वेळा सांगायचं, कुबांदिक?”